मकरपुरा शेड: एक टनी बीम ट्रॉलीच्या प्रकल्प नोंदी

३ जानेवारी २०२४, बुधवार

वडोदरा, मकरपुरा जीआयडीसी. मोटर आणि पंप दुरुस्तीची शेड. टेम्पोतून आलेली मोटर दारातून उचलून थेट स्ट्रिपिंगच्या (मोटर सुटी करायच्या) टेबलावर न्यायची, एवढंच काम. आतापर्यंत हे तिकाटणं आणि चेन पुली ब्लॉक यांवर चालत होतं. तिकाटण्यावर भार उभा चढतो आणि उतरतो, पण आडवा सरकत नाही. मग लोक तो ढकलतात आणि तिकाटण्याचा एक पाय उचलला जातो.

नेहमीचे भार: ७५ किलोवॅटची, २८० फ्रेमची मोटर साधारण ६०० किलो. वर्षातून काही वेळा ७०० किलोपर्यंतचे गिअरबॉक्स. क्षमता १ टन धरली. याहून मोठा नग आला तर तो हायड्राने (फिरत्या क्रेनने) बाहेरच उतरवायचा, आत घ्यायचा नाही.

ट्रॉली जिच्यावरून आडवी चालेल ती लोखंडी तुळई, म्हणजे गर्डर, शेडच्या कैचीला (छताच्या सांगाड्याला) टांगू, अशी सूचना पहिल्याच चर्चेत आली. ती नाकारली. कैची पत्रे, वारा आणि स्वतःचं वजन यांच्या हिशोबाने बनलेली असते. तिच्या खालच्या दांड्याला मध्येच टनाचा बिंदूभार दिला तर तो दांडा वाकण्यासाठी मुळात केलेलाच नसतो. शिवाय शेडचं मूळ ड्रॉइंग कुणाकडे नाही, म्हणजे तपासायलाही काही नाही. दोन स्वतंत्र खांब, त्यांवर एक गर्डर, शेडशी कुठेही जोड नाही, असं ठरलं.

५ जानेवारी, शुक्रवार

गर्डरचा हिशोब. खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ५ मीटर. भार १००० किलो, ट्रॉली आणि ब्लॉक मिळून ५० किलो धरले, एकूण १०५० किलो. भार मधोमध असतो तेव्हा सगळ्यात वाईट स्थिती.

आयएसएमबी २०० (आय आकाराचा, २०० मिमी उंचीचा गर्डर) घेतला तर मध्याचा झोळ ६ मिमी येतो. हाताने चालणाऱ्या क्रेनसाठी आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या मानकात मर्यादा गाळ्याच्या (दोन खांबांतल्या अंतराच्या) पाचशेव्या भागाची आहे, म्हणजे इथे १० मिमी. झोळात पास. ताणही, हातचालनाचा १० टक्के धक्का धरून, चौरस मिमीला ६७ न्यूटनच्या आसपास. बरेच जण इथेच थांबतात आणि २०० चा गर्डर मागवतात. पण ५ मीटर लांबीत वरची फ्लँज (गर्डरची आडवी पट्टी) कुठेही आडवी धरलेली नाही. दाबाखाली असलेली ही फ्लँज बाजूला लचकू शकते, आणि अशा सडपातळ गर्डरसाठी परवानगीचा ताण झपाट्याने खाली येतो. ६७ चा आकडा त्याच्या अगदी जवळ जाऊन बसतो.

आयएसएमबी २५० घेतला. झोळ २.६ मिमी, ताण ३७. मीटरला सुमारे १२ किलो लोखंड जास्त, ५.४ मीटर लांबीला ६५ किलो. उद्या कुणी इलेक्ट्रिक होइस्ट लावायचं म्हटलं तर धक्का २५ टक्के धरावा लागतो आणि झोळाची मर्यादा गाळ्याच्या ७५० व्या भागावर, ६.७ मिमीवर येते. तेव्हाही गर्डर बदलावा लागणार नाही. ६५ किलोंत एवढं मिळत असेल तर घासाघीस कशाला. हिशोबाचा कागद स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून, सही घेऊन फाइलला लावला.

उंची: फरशीपासून गर्डरच्या खालच्या फ्लँजपर्यंत ३.४ मीटर. ट्रॉली आणि पूर्ण वर घेतलेला ब्लॉक मिळून ४५० मिमी खातात, म्हणजे हुक जास्तीत जास्त २.९५ मीटरवर. टेम्पोचा फाळका, त्यावर मोटर, त्यावर स्लिंग, हे सगळं त्याखाली बसतं. ब्लॉक ३ मीटर लिफ्टचा. हुक फरशीला टेकतो.

८ जानेवारी, सोमवार

दोन पाये भरले, प्रत्येकी ९०० × ९०० × ७०० मिमी. फरशीची जाडी जेमतेम १०० निघाली, तिच्यावर अँकर ठोकून खांब उभा करणं शक्यच नव्हतं. अर्ध्या मीटरखाली काळी माती लागली. ती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते, म्हणून तळाशी मुरुमाचा थर कुटून त्यावर पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट). एम २० काँक्रीट, दोन्ही पायांना मिळून सिमेंटची नऊ पोती. जे-बोल्टही एम २०, पण इथे तो २० मिमी व्यास; प्रत्येक पायात चार, २६० मिमी चौकोनात. बोल्ट प्लायवुडच्या टेम्प्लेटमध्ये घट्ट धरून मगच ओतकाम. व्हायब्रेटर लागला की मोकळे बोल्ट हमखास सरकतात.

१३ जानेवारी, शनिवार

उद्या उत्तरायण, परवा वासी उत्तरायण. काम बंद, माणसं गच्चीवर. पायांवर ओली गोणपाटं आणि वर प्लास्टिक टाकून ठेवलं. वॉचमनने सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं.

२३ जानेवारी, मंगळवार

गर्डर आला. उतरवतानाच तपासला, कारण ट्रॉलीचं नीट चालणं यावरच ठरतं. खालच्या फ्लँजची रुंदी दर मीटरला कॅलिपरने मोजली: १२५.०, १२४.५, १२५.५, १२६.५, १२६.०, १२५.० मिमी. कागदावर १२५ असते, रोलिंगमध्ये एवढा फरक पडतोच. सर्वांत रुंद जागा १२६.५, ती खडूने खूण करून ठेवली. ट्रॉलीची रुंदी या आकड्यावर बसवायची, पुस्तकातल्या १२५ वर नाही.

दोरी ताणून आडवा वाक पाहिला, ५.४ मीटरमध्ये २ मिमी. चालेल. फ्लँजवर मधे कुठे वेल्डिंगचा जोड नाही, जुना वापरलेला माल नाही.

खांब १५० × १५० × ६ चा चौकोनी पाइप, बेस प्लेट ३५० × ३५० × २०, वर १६ मिमीची कॅप प्लेट. फॅब्रिकेटरच्या ड्रॉइंगमध्ये खांब आणि गर्डर यांच्या कोनात तिरके टेकू होते. ते काढायला लावले. दिसायला मजबूत, पण खालच्या फ्लँजला जोडलेला टेकू ट्रॉलीच्या बाजूच्या प्लेटला आडवा येतो. आडवा जोर बेस प्लेटच्या गसेटांवर (कोनातल्या तिकोनी पट्ट्यांवर) घेतला.

रंग: रेड ऑक्साइड आणि वर पिवळा इनॅमल. चाकं जिथे चालतात तो खालच्या फ्लँजचा वरचा भाग मात्र कोरा ठेवला, फक्त तेलाचा हात. तिथला रंग आठवड्यात पापुद्रे धरतो, चाकाखाली गोळा होतो आणि ट्रॉली अडखळते. वेल्डिंगचे थेंब ग्राइंडरने साफ केले. ज्वारीच्या दाण्याएवढा थेंबही भरल्या ट्रॉलीला अडवतो.

३० जानेवारी, मंगळवार

उभारणी. खांब ओळंब्यात, बेस प्लेटखाली २५ मिमी जागेत नॉन-श्रिंक ग्राउट. गर्डर २०० किलो, दोन टोकांना दोन चेन ब्लॉक लावून परांचीवरून वर घेतला. शिडीवर उभं राहून कुणी बोल्ट लावलेला नाही. परांचीला फळ्या, कठडा, आणि वरच्या माणसाला हार्नेस.

गर्डर कॅप प्लेटला प्रत्येक टोकाला चार एम १६, ८.८ ग्रेड बोल्टांनी. इथे एक बारीक गोष्ट हटकून सुटते. आयएसएमबीच्या फ्लँजची आतली बाजू सपाट नसते, ८ अंश उतरती असते. तिथे साधा वॉशर घातला की नट एका कडेवर बसतो, आवळताना बोल्ट वाकतो आणि पाना मात्र घट्ट झाल्याचं सांगतो. टेपर वॉशर घातले, मग टॉर्क पाना २०० न्यूटन-मीटरवर. ही भोकं फक्त गर्डर खांबावर टेकतो त्या जागी, ट्रॉलीच्या वाटेबाहेर. वाटेत खालच्या फ्लँजला एकही भोक नाही.

लेव्हल पाण्याच्या नळीने. दोन टोकांतला फरक ४ मिमी आला, शिम (पातळ पत्रे) घालून १ मिमीवर आणला. ढकलायच्या ट्रॉलीला ब्रेक नसतो. गर्डर उतरता असेल तर टांगलेली मोटर हात सोडला की स्वतःच चालू लागते.

१ फेब्रुवारी, गुरुवार

ट्रॉली बसवली. साधी, ढकलायची, १ टन, वजन १४ किलो. प्लेटवर फ्लँजची मर्यादा ६४ ते १४० मिमी लिहिलेली. २ टनाच्या पुढे किंवा ट्रॉली नेमक्या जागी थांबवायची असेल तर हातसाखळीची गिअर ट्रॉली घ्यावी. इथे गरज नाही.

आधी चाकं पाहिली. आयएसएमबीच्या उतारावर तिरपी किंवा किंचित फुगीर चाकं लागतात. सपाट फ्लँजच्या एनपीबी गर्डरवर फक्त तिरप्या चाकांची ट्रॉली घातली तर चाक एका कडेवर चालतं, गर्डरला चर पडते. आमची फुगीर, दोन्हीकडे चालणारी. चारही चाकं हाताने फिरवून बेअरिंग ऐकली.

रुंदीचा हिशोब. चाकांच्या कडा फ्लँजच्या बाहेरून येतात. समोरासमोरच्या दोन कडांमधलं आतलं अंतर = फ्लँजची सर्वांत जास्त रुंदी + ३ ते ४ मिमी. इथे १२६.५ + ३ = १२९.५. कारखान्यातून आलेल्या मांडणीत मधल्या दांड्यावर लोड प्लेटच्या (ब्लॉक जिला टांगतो तिच्या) दोन्ही बाजूंना आत चार-चार स्पेसर होते, अंतर १२३.५ भरलं. स्पेसर ३ मिमी जाडीचा. दोन्ही बाजूंना बाहेरचा एक-एक आत घेतला: १२९.५.

सैल ठेवलेली ट्रॉली घट्ट ट्रॉलीपेक्षा वाईट. घट्ट असेल तर रुंद जागी अडकते, निदान कळतं. सैल असेल तर भार एका बाजूला ओढला की त्या बाजूचं चाक फ्लँजच्या कडेवर लटकतं आणि समोरचं आतल्या बाजूला सरकतं. चाकाचा टेकणारा पृष्ठभाग निम्मा झाला की फ्लँजच्या कडेवर वाक वाढतो, आणि शेवटी ट्रॉली एका बाजूने निसटते. "दोन वॉशर कमी-जास्तीने काय होतंय" म्हणणाऱ्याला आम्ही हेच चित्र काढून दाखवतो.

दोन नियम पाळले. स्पेसर दोन्ही बाजूंना सारखे, म्हणजे हुक बरोबर वेबच्या (गर्डरच्या उभ्या पट्टीच्या) खाली येतो. एका बाजूला जास्त घातले की एका बाजूची चाकं जास्त भार घेतात आणि गर्डरला पीळ बसतो. आणि आतून काढलेला स्पेसर फेकायचा नाही, तो बाजूच्या प्लेटच्या बाहेर, नटाच्या आत घालायचा. नाहीतर नट आट्यांच्या शेवटाला जाऊन थांबतो, घट्ट वाटतो, पण प्लेट मोकळीच राहते.

बसवणं: एक बाजूची प्लेट काढली, दुसरी दांड्यासकट परांचीवरून फ्लँजवर टेकवली, समोरून दुसऱ्या माणसाने प्लेट चढवली. कॅसल नट आवळला, नवी स्प्लिट पिन घालून दोन्ही पाय मोडले. जुनी पिन सरळ करून पुन्हा घालायची नाही, ती पहिल्याच मोडीला चिरलेली असते. प्लेटच्या टोकाची पडरोधक जीभ फ्लँजखाली येते का तेही पाहिलं. चाकाचा अ‍ॅक्सल तुटला तर ट्रॉली याच जिभेवर राहते.

रिकामी ट्रॉली या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलली. खडूच्या खुणेपाशी दोन्ही बाजूंना फीलर गेजने फट: दीड-दीड मिमी. तिसऱ्या मीटरवर एक चाक फिरत नव्हतं, अधांतरी होतं. फ्लँजला थोडा पीळ आहे. २०० किलो टांगल्यावर चारही चाकं टेकली आणि फिरली. भार देऊनही एखादं चाक टेकत नसेल तर बाकीची तीन भार वाहतात. तशी ट्रॉली उतरवावीच लागते.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

टोकाचे अडथळे. ७५ × ७५ × ८ अँगलचे १२० मिमी तुकडे, वेबच्या दोन्ही बाजूंना, वेबमधून आरपार दोन एम १६ बोल्टांनी. पुढे १० मिमी रबर. दोन्ही तुकडे ट्रॉलीला एकाच वेळी भिडले पाहिजेत, एक आधी लागला तर ट्रॉली तिरकी होऊन अडकते. नुसत्या वेल्डवर अडथळा ठेवत नाही. धक्के खाऊन वेल्डला बारीक चीर पडते आणि ती रंगाखाली दिसत नाही.

खांबाच्या आतल्या बाजूपासून ५०० मिमीवर, म्हणजे मोठी मोटरही खांबाला आपटणार नाही. हुकाचा प्रवास साधारण ३.६ मीटर राहिला.

ब्लॉक टांगला. हुकाची जीभ बंद झाली, हुक ट्रॉलीच्या डोळ्यात मोकळा हलतो. साखळी ६ मिमी, पीळ नाही. पुढच्या तुलनेसाठी आजची मापं: साखळीच्या ११ कड्या १९८ मिमी, खालच्या हुकाच्या टोकाला आणि पाठीला पंचने ठिपके मारले, अंतर ७६ मिमी. कड्या २०३ मिमीच्या वर गेल्या, साखळीचा व्यास कुठेही १० टक्के झिजला किंवा ठिपक्यांतलं अंतर साडेत्र्याऐंशीच्या पुढे गेलं तर ब्लॉक बाजूला काढायचा.

६ फेब्रुवारी, मंगळवार

काँक्रीटचे २८ दिवस कालच झाले. आज भारचाचणी, सक्षम व्यक्तीच्या समोर. चाचणीचा भार १२५ टक्के, १२५० किलो. लोखंडी बार धर्मकाट्यावर तोलून आणले, पावती फाइलला. अंदाजाचं वजन टांगून केलेली चाचणी कागदावरच असते.

क्रम: आधी ५०० किलो, मग १०००, मग १२५०. प्रत्येक वेळी फरशीपासून फक्त १०० मिमी वर. गर्डरच्या मध्याला स्टीलपट्टी चिकटवली आणि लांब ठेवलेल्या लेसर लेव्हलवरून वाचन घेतलं, त्यामुळे भाराजवळ कुणालाच जावं लागलं नाही. १२५० ला हिशोबाचा झोळ ३.१, पट्टीवर साडेतीनच्या आसपास. जास्तीचा भाग कॅप प्लेट आणि शिम बसण्याचा. दहा मिनिटं टांगून ठेवलं, आकडा हलला नाही, म्हणजे ब्लॉकचा ब्रेकही धरतो. भार उतरवल्यावर पट्टी शून्यावर. आली नसती तर कुठेतरी काहीतरी कायमचं वाकलं असं धरून सगळं उघडावं लागलं असतं.

१००० किलो घेऊन ट्रॉली टोकापासून टोकापर्यंत चालवली, मधे आणि दोन्ही टोकांना थांबवली. हात सोडल्यावर कुठेच सरकली नाही.

गर्डरवर दोन्ही बाजूंनी मोठ्या अक्षरांत "सुरक्षित भार १ टन", गुजराती आणि हिंदीत. शेडमध्ये काम करणाऱ्यांना जे वाचता येतं तेच लिहायचं. तेव्हा (२०२४ मध्ये) लागू असलेल्या फॅक्टरीज ॲक्ट, १९४८ च्या कलम २९ प्रमाणे उचल साधनांची सखोल तपासणी दर १२ महिन्यांत एकदा आणि रजिस्टरात नोंद. आजची नोंद पहिली.

७ फेब्रुवारी, बुधवार

वापराच्या सूचना, भिंतीवर लावण्याआधीचा मसुदा.

भार सरळ उभा उचला. हुक मोटरच्या डोक्यावर आणा, मोटर हुकाकडे ओढू नका. साखळी १० अंश तिरकी झाली तरी टनाच्या भाराला सुमारे १७५ किलो आडवा ओढ येतो, आणि तो ओढ ट्रॉलीच्या एकाच बाजूच्या चाकांवर जातो. कोपऱ्यातली मोटर ओढून आणायला रोलर आणि पहार आहेत.

हातसाखळी एकट्याने ओढायची. १ टनाच्या ब्लॉकला एका माणसाचा जोर पुरतो. दुसरा माणूस लागतोय असं वाटलं तर भार जास्त आहे किंवा बोल्ट सोडायचा राहिला आहे. थांबा, शोधा.

ट्रॉली सरकवताना भाराला ढकला, हातसाखळीला ओढू नका. हातसाखळी ओढली की ब्लॉक तिरका होतो.

मोटरचा आयबोल्ट (उचलायची कडी असलेला बोल्ट) फक्त मोटरपुरता. कपलिंगला पंप किंवा बेड जोडलेला असेल तर आयबोल्ट वापरायचा नाही. एम २० चा आयबोल्ट सरळ ओढीला १२०० किलो घेतो, जोडीने ४५ अंशावर प्रत्येकी ८६० च. आयबोल्टची कॉलर पूर्ण टेकलेली हवी, खाली आटे दिसता कामा नयेत. दोन पायांच्या स्लिंगमध्ये दोन पायांतला कोन ९० अंशांच्या आत. ९० ला प्रत्येक पायावर भाराच्या ७० टक्के येतात, १२० ला अख्खा भार.

टेम्पोतून उतरवताना मोटर उचलली की टेम्पोच्या कमानी सुटतात आणि फाळकाही वर येतो. मोटर उचलली गेली असं वाटतं, प्रत्यक्षात ती अजून टेकलेलीच असते. १०० मिमी स्वच्छ फट दिसल्यावरच टेम्पो पुढे काढायला सांगा.

भाराखाली हात, पाय, डोकं नाही. अर्धवट टांगून जेवायला जायचं नाही. चढवताना ब्लॉकमध्ये येणारी टकटक ही पॉलची (दात्यांत अडकणाऱ्या खिटीची). ती बंद झाली तर काम बंद. आणि आत तेल ओतू नका: साखळीला तेल लागतं, पण ब्रेकच्या चकत्या कोरड्या घासण्यावरच चालतात. तेल गेलं की भार हळूहळू खाली सरकतो.

१८ मार्च, सोमवार

तपासणी. फ्लँजवर चाकांच्या दोन चकचकीत रेघा पडल्या आहेत, दोन्ही कडांपासून सारख्याच अंतरावर. म्हणजे हुक मधोमध आहे. एक रेघ कडेला सरकलेली दिसली असती तर स्पेसर पुन्हा मोजावे लागले असते. कॅप प्लेटचे आठही बोल्ट टॉर्कवर. दाराकडच्या अडथळ्याचं रबर एका कोपऱ्यात दबलं आहे: टेम्पोच्या बाजूला ट्रॉली जोरात सोडली जाते आहे. रबर बदललं, तिथे काम करणाऱ्या दोघांशी बोलणं झालं. साखळी १९८, हुक ७६. दारातून येणारी धूळ साखळीवर बसते, म्हणून दर शनिवारी कापडाने पुसून हलकं तेल.

वाइंडिंग विभागाने ९५० किलोचा रोटर याच गर्डरवर घेता येईल का विचारलं आहे. स्प्रेडर आणि स्लिंगचं वजन मिळून ७० किलो. एकूण १०२०. घेता येणार नाही, हायड्रा बोलवायचा.